सुरतेचा विद्यार्थी : आंकतील-दुपेराँ

सुरत शहराचे नाव आपल्या वाचकांना निरनिराळ्या कारणांनी ठाऊक असते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये व पुन्हा १६७० मध्ये सुरत लुटली, हे आपण शाळेत शिकलो. इंग्रजांची या देशातली आरंभीची वखार तेथेच होती. मिशनकार्याचा इतिहास वाचणाऱ्यांना हेही स्मरत असेल की, लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फाइव्ही हे मिशनरी १८१५ नंतर सुरतेत येऊन राहिले आणि पवित्र शास्त्राचे गुजराती भाषांतर त्यांनी तेथेच छापले.

परंतु या मिशनऱ्यांच्याही सुमारे साठ वर्षे आधी एक फ्रेंच तरुण सुरतेत येऊन तीन वर्षे राहिला होता. तो व्यापारासाठी आला नव्हता, मुलूख जिंकण्यासाठी आला नव्हता, किंवा धर्मोपदेशासाठीही आला नव्हता. त्याला एक भाषा शिकायची होती. ती भाषा कोणत्याही देशात बोलली जात नव्हती. एका लहानशा समाजाच्या याजकांच्या ओठांवर आणि त्यांच्या जपून ठेवलेल्या पोथ्यांत तेवढी ती उरली होती. त्या तरुणाचे नाव आब्राहाम ह्यासिंथ आंकतील-दुपेराँ. पारशी लोकांचा अवेस्ता हा धर्मग्रंथ मूळ भाषेतून वाचून जगापुढे ठेवणारा तो पहिला युरोपियन होय.

आंकतील काही साधुपुरुष नव्हते. त्यांच्या स्वभावात धैर्य व चिकाटी जितकी होती, तितकाच ताठा व उतावळेपणाही होता. पण दुसऱ्याच्या घरातले धन समजून घ्यायचे तर त्या घराच्या दाराशी जाऊन बसावे लागते, हे त्यांच्या आयुष्यातून जसे कळते तसे फार थोड्यांच्या आयुष्यातून कळते.

लपवून राखलेला ग्रंथ

पारशी लोकांचे पूर्वज इराणातून आले. तेथे मुसलमानी सत्ता आल्यावर जरथुष्ट्राच्या धर्माला चिकटून राहिलेल्या काही कुटुंबांनी समुद्रमार्गे गुजरातचा किनारा गाठला व संजाण येथे वस्ती केली, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे संजाणवर संकट आले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी जवळच्या बहरोटच्या डोंगरातील गुहांत नेला आणि तेथे बारा वर्षे सांभाळला. हा डोंगर आज महाराष्ट्रात, डहाणूच्या बाजूस आहे. तेथून तो अग्नी वांसद्याच्या रानात, मग नवसारीस व अखेर उदवाड्यास गेला. ज्या समाजाने आपले देवस्थान डोंगराच्या कपारीत लपवून राखले, त्याने आपली धर्मपुस्तकेही परक्याच्या नजरेआड ठेवली तर नवल नाही.

युरोपातील विद्वानांना या धर्माविषयी मोठे कुतूहल होते, आणि त्याला कारणही होते. बाबेलच्या बंदिवासातून यहूदी लोकांना मोकळे करणारा कोरेश राजा, मंदिराचे काम पुन्हा चालू करण्याची आज्ञा देणारा दारयावेश, एस्तेरच्या पुस्तकातील अहश्वेरोश हे सारे पारसाचे राजे. पूर्वेकडून तारा पाहून बेथलेहेमास आलेल्या ज्ञानी लोकांना मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी म्हटले आहे, आणि मागी हे तर पारसी याजकांचे नाव. तेव्हा या लोकांचा धर्म होता तरी काय? ग्रीक लेखकांनी काही लिहून ठेवले होते. ऑक्सफर्डचे टॉमस हाइड यांनी १७०० साली अरबी व फारसी पुस्तकांच्या आधारे एक मोठा ग्रंथ लिहिला. पण खुद्द पारशांचा धर्मग्रंथ युरोपात कोणालाही वाचता येत नव्हता.

त्या ग्रंथातील वेंदिदाद या भागाची एक हस्तलिखित प्रत एका इंग्रजाने सुरतेच्या पारशांकडून मिळवली होती. १७२३ साली ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पोहोचली. तेथे ती लोखंडी साखळीने बांधून ठेवली होती. येणारे-जाणारे ती पाहत व पुढे जात. पुढे फ्रेझर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने ही भाषा शिकण्यासाठी सुरतेत खटपट केली, पण पारशी याजकांनी त्याला शिकवले नाही.

चार पाने

आंकतील यांचा जन्म पॅरिस येथे ७ डिसेंबर १७३१ रोजी झाला. त्यांचे वडील मसाल्याच्या जिनसांचे व्यापारी होते. मुलाने पाद्री व्हावे म्हणून त्याला धर्मशास्त्राचे शिक्षण देण्यात आले. रोमन मंडळीतच जान्सेनपंथी म्हणून एक कडक आचाराचा पक्ष होता. राजाची व पोपची त्याच्यावर मर्जी नव्हती. आंकतील यांचे शिक्षण या पक्षाच्या लोकांकडे झाले, प्रथम फ्रान्समध्ये ओसेर येथे व नंतर हॉलंडमध्ये. तेथे त्यांनी इब्री भाषेचा चांगला अभ्यास केला आणि तिच्याबरोबर अरबी व फारसीही हाती घेतली. साधे राहावे, गरजा कमी ठेवाव्यात आणि सत्तेपुढे मान वाकवू नये, हे वळण त्यांना तेथे लागले ते जन्मभर टिकले. पाद्री मात्र ते झाले नाहीत. पॅरिसला परत येऊन ते राजाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांवर काम करू लागले.

१७५४ साली एका प्राध्यापकाने त्यांना ऑक्सफर्डच्या त्या पोथीतील चार पानांची हुबेहूब नक्कल दाखवली. अक्षरे अनोळखी, भाषा अनोळखी. आंकतील यांचे वय तेव्हा तेवीसही पूर्ण नव्हते. ही भाषा शिकायची, हा ग्रंथ मिळवायचा आणि त्याचे भाषांतर आपल्या देशाला द्यायचे, असा त्यांनी तेव्हाच निश्चय केला.

वरिष्ठांनी त्यांच्यासाठी सरकारी मदतीची खटपट सुरू केली. पण थांबणे हे आंकतील यांच्या स्वभावातच नव्हते. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत साधा शिपाई म्हणून त्यांनी नाव नोंदवले. ७ नोव्हेंबर १७५४ रोजी पहाटे इतर रंगरुटांच्या तुकडीबरोबर ते पॅरिसहून बंदराकडे पायी निघाले. त्या रंगरुटांत तुरुंगातून काढून आणलेली माणसेही होती. आंकतील यांच्या सामानात थोडे कपडे, इब्री भाषेतील पवित्र शास्त्र आणि माँतेन या फ्रेंच निबंधकाराचे पुस्तक होते. लोरियाँ बंदरावर पोहोचल्यावर त्यांना आनंदाची बातमी मिळाली. मित्रांनी त्यांची शिपाईगिरीतून सुटका केली होती, फुकट प्रवासाची सोय केली होती आणि थोडे वर्षासनही बांधून दिले होते. १० ऑगस्ट १७५५ रोजी ते पाँडिचेरीस उतरले.

सुरतेची वाट

पाँडिचेरीहून सुरतेस पोहोचायला त्यांना पावणेतीन वर्षे लागली. आधी पाँडिचेरीस राहून त्यांनी बोलण्यातली फारसी पक्की केली. नंतर संस्कृत शिकण्याच्या आशेने ते बंगालमध्ये चंद्रनगरला गेले. तेथे आजाराने गाठले. तेवढ्यात इंग्रज व फ्रेंच यांचे युद्ध जुंपले आणि मार्च १७५७ मध्ये चंद्रनगर इंग्रजांच्या हाती पडले. तेव्हा ते जमिनीवरून पाँडिचेरीकडे निघाले. ओरिसाच्या किनाऱ्याने, कधी घोड्यावर तर कधी पायी, असा हा प्रवास सुमारे शंभर दिवस चालला.

पाँडिचेरीस त्यांची आपल्या एका भावाशी गाठ पडली. या भावाला सुरतेच्या फ्रेंच वखारीत नोकरी मिळाली होती. दोघे एकाच जहाजाने निघाले, पण आंकतील मध्येच मलबारात माहे येथे उतरले. देश पाहत जाण्याची त्यांची इच्छा होती. कोचीनकडे जाऊन त्यांनी सुरियानी ख्रिस्ती मंडळ्यांची माहिती घेतली आणि तेथील यहूद्यांच्या प्राचीन ताम्रपटाची नक्कल मिळवली. मग किनाऱ्याने गोव्यास आले. गोव्याहून सह्याद्री चढून ते मराठ्यांच्या मुलखात शिरले आणि औरंगाबादेकडे गेले. नानासाहेब पेशव्यांचा तो काळ. मराठी फौजा त्याच वर्षी उत्तरेत लाहोर व अटकेपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि त्याच वर्षी हा एकटा परदेशी वाटसरू वेरूळच्या लेण्यांत हिंडत, मापे घेत व टिपणे काढत होता. १ मे १७५८ रोजी ते सुरतेस पोहोचले.

दस्तूर दाराब

सुरतेच्या पारशी समाजात त्या वेळी मोठी फूट पडली होती. कारण पंचांगाचे होते. हिंदुस्थानातील पारशांचे वर्ष इराणातील धर्मबंधूंच्या वर्षापेक्षा एक महिना मागे पडले आहे, असे लक्षात आले होते. काहींनी इराणची गणना स्वीकारली. त्यांना कदमी म्हणू लागले. जुनी गणना न सोडणारे ते शहेनशाही. सण कोणत्या दिवशी करावा आणि मृतांच्या प्रार्थना कोणत्या तिथीला म्हणाव्यात यावरून घराघरांत भांडणे लागली. कदमी पक्षाचे विद्वान पुढारी होते दस्तूर दाराब. किरमानहून १७२१ च्या सुमारास आलेले जामास्प या इराणी दस्तुरांपाशी ते शिकले होते. दुसऱ्या पक्षाचे पुढारी मंचेरजी शेट हे मोठे व्यापारी होते व डच वखारीशी त्यांचे संबंध होते.

या फुटीमुळेच आंकतील यांना वाट मिळाली. मोबदला ठरवून दस्तूर दाराब व त्यांचे सहकारी दस्तूर काऊस यांनी शिकवण्याचे कबूल केले. पण कबूल करणे वेगळे आणि मन मोकळे करणे वेगळे. महिने गेले तरी धडे पुढे सरकेनात. आज पोथी मिळत नाही, उद्या सवड नाही, अशी कारणे निघत. आंकतील यांचा राग अनावर होई.

आपण क्षणभर दाराब यांच्या जागी उभे राहून पाहू. समाज दुभंगलेला, विरोधक प्रत्येक पावलावर डोळा ठेवून. समोर बसलेला विद्यार्थी परधर्माचा, परदेशाचा, वयाने तरुण आणि तोंडाने फटकळ. तो ही पवित्र वचने कशासाठी मागतो आहे? यांची थट्टा करणार की यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिणार? दाराब कचरले याचा दोष त्यांना देता येत नाही. एवढे असूनही त्यांनी शिकवले, हेच मोठे.

आपणास मिळालेली वेंदिदादाची प्रत अपुरी असावी असा आंकतील यांना संशय आला. डच वखारीच्या प्रमुखांच्या मध्यस्थीने त्यांनी मंचेरजी शेटांच्या संग्रहातील दुसरी प्रत मिळवली व दोन्ही प्रती ओळीने ओळ ताडून पाहिल्या. फरक निघाला. आपणास फसवले गेले असे त्यांनी दस्तुरांना सुनावले. पण या कडवट प्रसंगानंतर शिक्षणाचे काम खरोखर मार्गी लागले. विद्यार्थी वरवरचा नाही, अक्षर न् अक्षर तपासणारा आहे, हे दाराब यांना बहुधा तेव्हाच पटले असावे.

मार्च १७५९ च्या आरंभी इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. शहरात धामधूम चालू होती. त्याच महिन्यात आंकतील वेंदिदादाचे भाषांतर करायला बसले. दस्तूर मूळ शब्द वाचत आणि त्याचा अर्थ फारसीत सांगत. आंकतील तो शब्द, त्याचा उच्चार व अर्थ लिहून घेत. जूनमध्ये वेंदिदाद पुरा झाला. पुढे अवेस्तातील इतर भाग व पहलवी भाषेतील ग्रंथ झाले. शब्दकोश तयार झाले. ज्या कामासाठी त्यांनी पॅरिस सोडले होते ते पाच वर्षांच्या आत हाती आले.

काळी बाजू

याच काळातली एक गोष्ट लपवता येत नाही. सप्टेंबर १७५९ मध्ये सुरतेतील एका फ्रेंच व्यापाऱ्याशी आंकतील यांचे वैर विकोपाला गेले. तलवारी निघाल्या. आंकतील अनेक जखमा होऊन पडले, पण तो व्यापारी मेला. आपण स्वसंरक्षणासाठी शस्त्र चालवले असे आंकतील यांनी सांगितले. त्यांना काही काळ इंग्रजांच्या निशाणाखाली आश्रय घ्यावा लागला. ज्यांच्याशी आपल्या देशाचे युद्ध चालू होते त्यांनीच त्यांना आसरा दिला. इब्री शास्त्र सोबत घेऊन निघालेल्या या विद्यार्थ्याच्या हातून मनुष्यहत्या घडली, आणि तिचा डाग त्यांच्या नावावर राहिला.

जून १७६० मध्ये दस्तूर दाराब यांच्या संगनमताने ते पारशी पोशाख करून अग्यारीत जाऊन आले. परधर्मीयाला तेथे प्रवेश नसतो. ज्ञानाच्या ओढीने केलेले हे धाडस पुष्कळांना कौतुकाचे वाटले. पण ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून शिकलो त्यांच्या पवित्र जागेत वेष पालटून शिरणे योग्य की अयोग्य, याचा विचार वाचकांनीच करावा. आपल्या मंडळीच्या बाबतीत कोणी असे केले तर आपल्याला काय वाटेल, हे मनाशी विचारले म्हणजे उत्तर सोपे होते.

त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी वसई-ठाण्याच्या बाजूस प्रवास करून कान्हेरी व घारापुरीची लेणी पाहिली. काशीस जाऊन संस्कृत शिकावे असा त्यांचा बेत होता. पण जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी पडली आणि हिंदुस्थानातली फ्रेंच सत्ता कोसळली. मार्च १७६१ मध्ये त्यांनी सुरत सोडली आणि मुंबईहून इंग्रजांच्याच जहाजाने ते युरोपास निघाले.

पोर्ट्‌समथला उतरल्यावर शत्रुदेशाचा मनुष्य म्हणून त्यांना काही दिवस अटकेत राहावे लागले. सुटका झाल्यावर जानेवारी १७६२ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले व साखळीने बांधलेली ती पोथी त्यांनी पाहिली. आता ती त्यांना वाचता येत होती. मार्चमध्ये ते पॅरिसला पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या अवेस्ताच्या पोथ्या राजाच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केल्या. त्यांनी आणलेल्या हस्तलिखितांची एकूण संख्या १८० होती. खिशात मात्र पैसा नव्हता.

पंचावन्न वर्षांचा वाद

नऊ वर्षांच्या श्रमानंतर १७७१ साली त्यांचा ग्रंथ तीन भागांत प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात त्यांनी आपल्या प्रवासाची लांबलचक हकिकत दिली. आजारपण, भांडणे, मारामारी, काहीच वगळले नाही. ऑक्सफर्डच्या पंडितांनी आपले कसे स्वागत केले हेही त्यांनी टोमणे मारीत लिहिले. हे त्यांना चांगलेच भोवले.

विल्यम जोन्स तेव्हा २५ वर्षांचे होते. पुढे कलकत्त्यास न्यायाधीश होऊन एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे ते हेच. ऑक्सफर्डचा अपमान त्यांना सोसला नाही. नाव न घालता त्यांनी उत्तम फ्रेंचमध्ये एक बोचरे पत्र छापले. त्याचा आशय असा की, या पुस्तकात जरथुष्ट्रासारख्या ज्ञानी पुरुषाला शोभण्यासारखे काही नाही. याजकांनी या भोळ्या प्रवाशाला भलतेच काही शिकवले, किंवा त्याने स्वतःच ते रचले. जॉन रिचर्डसन या कोशकारानेही ग्रंथाची भाषा बनावट ठरवली. फ्रान्समधील व्होल्टेरसारख्या लेखकांना पूर्वेच्या प्राचीन ग्रंथांत ख्रिस्ती धर्माविरुद्ध हत्यार सापडेल अशी आशा होती. शुद्धाशुद्धीचे नियम, प्रेताला शिवण्याचा विटाळ आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रार्थना पाहून त्यांची निराशा झाली. जर्मनीत मात्र क्लॉइकर यांनी ग्रंथाचे भाषांतर करून तो खरा असल्याचे प्रतिपादन केले.

आंकतील यांच्या भाषांतरात चुका पुष्कळ होत्या, हे खरे. दस्तूर दाराब यांच्यापाशी परंपरेने आलेला अर्थ होता, पण अवेस्ता भाषेचे व्याकरण परंपरेतूनच हरपले होते. मूळ वचनावर पहलवी टीका, तिच्यावर फारसी अर्थ आणि त्यावरून फ्रेंच भाषांतर, अशा तीन-चार पायऱ्या उतरताना पुष्कळ काही सांडले. पण चुका असणे वेगळे आणि खोटेपणा असणे वेगळे.

निवाडा हळूहळू झाला. आंकतील यांच्या ग्रंथातील पहलवीच्या आधाराने द सासी यांनी इराणातील ससानी राजांचे शिलालेख उलगडले व १७९३ साली ते प्रसिद्ध केले. १८०२ साली ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने पर्सेपोलिस येथील बाणाकृती लिपीचे कोडे सोडवायला घेतले. दारयावेशाच्या बापाचे नाव मूळ भाषेत कसे असावे, याचा माग त्याला आंकतील यांच्या पुस्तकात लागला. एज्राच्या पुस्तकात ज्यांची नावे आपण वाचतो त्या राजांचे स्वतःचे शब्द पुढे दगडांवरून वाचता आले. त्या कामाच्या पायातला एक चिरा असा सुरतेहून गेलेला आहे.

जोन्स यांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकल्यावर त्यांनी आंकतील यांची शब्दसूची पुन्हा उघडली. १७८९ सालच्या एका व्याख्यानात त्यांना मान्य करावे लागले की, त्या सूचीतील दहापैकी सहा-सात शब्द शुद्ध संस्कृत आहेत. संस्कृत न जाणणाऱ्या आंकतील यांना किंवा दाराब यांना असे शब्द बनवणे शक्यच नव्हते. आपल्या मराठी कानालाही हे नाते ओळखता येते. अवेस्तातला ‘हप्त’ तो आपला सात, ‘दस’ ते दहा, ‘झस्त’ म्हणजे हस्त, हात. ‘अस्प’ म्हणजे अश्व, ‘हओम’ म्हणजे सोम.

शेवटचा शब्द डेन्मार्कच्या रास्क यांचा. ते १८२० साली स्वतः मुंबईस आले, पारशांकडून पोथ्या मिळवल्या आणि १८२६ साली त्यांनी या भाषेची प्राचीनता व अस्सलपणा सिद्ध करणारा निबंध प्रसिद्ध केला. अवेस्ताची भाषा संस्कृताची बहीण ठरली. त्यानंतर पॅरिसमध्ये ब्युर्नूफ यांनी आंकतील यांनीच आणून ठेवलेल्या पोथ्यांवरून व्याकरणशुद्ध अर्थ लावण्यास आरंभ केला. ग्रंथ छापल्यापासून पंचावन्न वर्षांनी आंकतील यांच्यावरचा खोटेपणाचा आळ पुसला गेला. ते पाहायला ते स्वतः नव्हते.

एका रुपयाचा बारावा हिस्सा

टीकेला आंकतील यांनी फारसे उत्तर दिले नाही. ते काम करीत राहिले. १७७८ साली त्यांनी पूर्वेकडील राज्यकारभारावर एक पुस्तक लिहिले. आशियातील राजे म्हणजे निव्वळ जुलमी, तेथे कायदा नाही, प्रजेला मालमत्तेचा हक्क नाही, असे माँतेस्क्यूसारखे थोर लेखक तेव्हा सांगत. आंकतील यांनी तुर्कस्तान, इराण व हिंदुस्थान यांतील दाखले देऊन दाखवले की, तेथे लेखी कायदे आहेत आणि खाजगी मालमत्ताही आहे. ज्यांच्या भूमीवर आपण डोळा ठेवतो त्यांना आधी रानटी ठरवायचे, ही रीत त्यांनी त्या काळी उघड केली.

१७७५ साली हिंदुस्थानातून त्यांना एक फारसी पोथी मिळाली. औरंगजेबाचे वडील बंधू दारा शुकोह यांनी १६५७ साली पंडितांच्या साहाय्याने पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर करवले होते, त्याची ती प्रत. काशीस जाऊन संस्कृत शिकण्याचा योग आला नव्हता. आता उपनिषदे अशा वाटेने घरी चालत आली. आंकतील यांनी त्यांचे लॅटिन भाषांतर केले. ते १८०१-०२ साली दोन भागांत निघाले. युरोपात उपनिषदे प्रथम वाचली गेली ती याच पुस्तकातून. तत्त्वज्ञ शोपेनहौअर यांनी आयुष्यभर ते जवळ ठेवले.

दरम्यान फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. आंकतील एका खोलीत आपल्या पुस्तकांसह एकटे राहू लागले. बायको नाही, मूल नाही, नोकर नाही. भाकरी, थोडे चीज व विहिरीचे पाणी हा आहार. या सगळ्याला दिवसाला एका रुपयाचा बारावा हिस्सा पुरतो, असा हिशोब त्यांनी हिंदुस्थानातील ज्ञानी लोकांना उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत सांगितला आहे. पॅरिसमध्ये बसून ते खर्च रुपयात मोजत होते! थंडीत शेगडी नाही, निजायला बिछाना नाही. पण याबद्दल कुरकूर नव्हती, उलट समाधान होते. १८०४ साली नेपोलियन सम्राट झाला तेव्हा विद्वत्‌सभेच्या सभासदांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागली. त्र्याहत्तरीला आलेल्या आंकतील यांनी ती घेतली नाही व आपली जागा सोडली. १७ जानेवारी १८०५ रोजी पॅरिस येथे त्यांचा अंत झाला.

जे गेले ते परत आले

अवेस्ताची पुढची हकिकत आपल्याच प्रांतात घडली. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८४३ साली मुंबईत पारशी धर्मावर ग्रंथ लिहिला. तो वादाचा ग्रंथ होता, पण प्रतिपक्षाचे मूळ शास्त्र वाचल्याशिवाय वाद करू नये, हे बंधन त्यांनी पाळले. त्या वादातून अनेक पारशांना आपले शास्त्र आपणच नीट शिकले पाहिजे असे वाटू लागले. खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी युरोपात जाऊन ही विद्या घेतली आणि १८६१ पासून ते मुंबईत तरुण पारशांना शिकवू लागले. सुरतेहून पॅरिसला गेलेली शिदोरी अशी मुंबईस परत आली.

पुण्यास १८५९ ते १८६६ या काळात संस्कृतचे प्राध्यापक असलेले मार्टिन हौग यांनी अवेस्तातील गाथा हा जरथुष्ट्राच्या स्वतःच्या वाणीचा सर्वांत जुना भाग आहे, हे दाखवून दिले. त्यांनी पुण्याचे दस्तूर होशंग जामास्प यांच्याबरोबर पहलवी ग्रंथ संपादले आणि त्या पुस्तकांवर दोघांचीही नावे छापली गेली. शंभर वर्षांपूर्वी दाराब यांना जे भीत भीत करावे लागले होते, ते आता उघडपणे व बरोबरीच्या नात्याने होऊ लागले.

वाचकहो, आपल्या लोकांत कितीतरी पाळक, शिक्षक व परिचारिका डोंगराळ भागांत काम करतात. तेथील वारली, कोकणा, भिल्ल, कोरकू लोकांची बोली आपल्याला येत नाही, म्हणून ती अडाण्यांची बोली असे आपण सहज म्हणून जातो. आंकतील यांनी ज्या भाषेसाठी सात समुद्र ओलांडले तीही विद्वानांना बनावट वाटली होती. जो समाज आपले शब्द परक्यापासून लपवतो, त्याला त्यापूर्वी कोणीतरी दुखावलेले असते. तेथे शिकायला जाणाऱ्याजवळ आंकतील यांची चिकाटी हवी, साधी राहणी हवी आणि अक्षर न् अक्षर तपासण्याची वृत्तीही हवी. त्यांचा ताठा मात्र त्याने मागेच ठेवावा, कारण त्या ताठ्यापायी एका खऱ्या ग्रंथाला खरे ठरायला पंचावन्न वर्षे लागली.

आणि दस्तूर दाराब यांची आठवणही ठेवावी. भाषेची कीर्ती विद्यार्थ्याला मिळाली. पण विरोधकांच्या देखत, स्वतःच्या लोकांचा रोष पत्करून, परक्याला पहिला शब्द शिकवण्याचे धैर्य गुरूने केले होते. असा गुरू ज्याला भेटतो त्याने त्याचे नाव आपल्या नावाआधी लिहावे.